तीन कोनशिला

सीमेवरच्या आंबेखोरे गावानं ग्रामसभेत ठराव केला, की आपण शेजारच्या राज्यात जायचं. मंत्रीसाहेब तडक गावात आले आणि सरपंच यशोदाबाई भोयेंवर गरजले, "फुटून जायचंय? खुशाल जा! पण आजवर आम्ही दिलेलं सगळं आधी इथं आणून ठेवा."

"बसा साहेब, आणते," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं बैलगाडी आली. तिच्यातून भूमिपूजनाच्या तीन कोनशिला उतरल्या: पुलाची, दवाखान्याची, शाळेची. तिन्हींवर साहेबांचंच नाव होतं.

"एवढंच मिळालंय, साहेब. यांच्यावर वीट काही चढली नाही."

सगळं गाव हसलं. साहेब ओशाळून म्हणाले, "बाई, पुलाची परत न्या. सोमवारी काम सुरू करतो."

"पाया खणा, साहेब. आमचा ठराव त्यातच पुरू."