न मेलेल्या कुर्डूची पूजा

ढग जिथे डोंगराच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारची झोप काढतात, अशा एका गावात दोन जावा राहत होत्या. दोघींची शेतं एकाच बांधाला लागून. दोघी सोयाबीन पेरत, आणि त्यावरच दोन्ही घरांच्या चुली पेटत.

तण उगवलं की दोघी एकच औषध फवारत. तण पिवळं पडे, मान टाके. धाकटी मग निवांत होई. थोरली मात्र मागून कोळपं फिरवी, चुकलंमाकलं हाताने उपटी.

धाकटी हसे. “अक्का, मेलेल्याला पुन्हा काय मारता?”

“मेलेल्याला नाही गं. उरलेल्याला.”

एका पावसाळ्यात धाकटीच्या शेतात फवारणीनंतर कुर्डूचं एकच रोप उभं राहिलं. भोवती सगळं मेलेलं, आणि हे आपला गुलाबी तुरा धुक्यात डोलवतंय. धाकटीचे हात आपोआप जुळले. एवढ्या औषधातून वाचलं, म्हणजे ही देवीच. तिने हळदकुंकू वाहिलं. गावच्या बायका नवस बोलायला येऊ लागल्या.

थोरली बांधावरूनच म्हणाली, “बी धरायच्या आत उपट. औषधाने न मेलेलं सगळंच काही देवी नसतं, बाई.”

“तुमच्या शेतात नाही उगवली, म्हणून पोटात दुखतंय.”

थोरली आपल्या कोळप्याकडे परतली. तुरा वाळला, काळं चमकदार बी मातीत सांडलं.

पुढच्या वर्षी धाकटीने तेच औषध फवारलं. एकही कुर्डू मेली नाही. शेतभर गुलाबी तुरे उठले, जणू संध्याकाळ खाली उतरून तिथेच राहिली. वाटसरू थांबून बघत. त्या देखण्या रंगाखाली सोयाबीन गुदमरून गेलं. पेरायलासुद्धा दाणा उरला नाही.

थोरलीने आपल्या घरचं मक्याचं बी तिच्या पदरात घातलं. पुढल्या पावसाळ्यात धाकटीने पीक बदललं, औषध बदललं, कोळपं धरलं. हाताला फोड आले. मका डोक्याइतका उंच झाला.

तरी एका कोपऱ्यात एक कुर्डू उरलीच. तुरा पहिलीपेक्षाही सुंदर. बायका पुन्हा कुंकवाच्या कुयऱ्या घेऊन आल्या. धाकटी तुऱ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने बुंधा धरला आणि रोप मुळासकट उपटलं. तुऱ्यातलं बी अजून हिरवं, कोवळं होतं.

“देवी कोपेल गं,” कुणी तरी पुटपुटलं.

“माझ्यावर कोपू दे,” धाकटी म्हणाली. “पुढच्या पेरणीवर नको.”

तात्पर्य एवढंच: एका उपायाला जे पुरून उरतं, त्याला हात जोडू नयेत. त्याने बी धरण्याआधी हात घालावा.