टेबलाखालचा सबवूफर

आटपाट खोली होती. तिथे गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या सुलक्षणाताईंनी टेबलावरच्या दोन स्पीकरांच्या जोडीला खर्जातले जाड सूर वाजवणारा नवा सबवूफर आणून टेबलाखाली ठेवला. पहिल्याच ठेक्याला तो इतका घुमला की चहाचा कप थरथरला. ताईंनी कपाळाला आठ्या घालून त्याचा आवाज कमी केला. मग अजून कमी. शेवटी सबवूफरचा आवाज त्याचा त्यालाच वेगळा ऐकू येईना.

“दादा, मला परत दुकानात धाडतील का हो?” त्याने घाबरून वरच्या एका स्पीकरला विचारलं.

“काय की बाबा. तू आल्यापासून मीच तुझ्या रिकाम्या खोक्याकडे बघत बसलोय, त्यात मला भरतात की काय म्हणून.”

तेवढ्यात ताईंनी सबवूफर बंद केला. त्याला वाटलं, संपलं.

गाणं चालूच होतं. ताई दचकल्या. “अगं बाई, हे असं पोकळ का झालं?” म्हणत त्यांनी घाईघाईने त्याला पुन्हा चालू केलं.

आवाज मात्र होता तेवढाच ठेवला.