लाजवर्दाची जन्मखूण

"खोटा! तुझा दगड खोटा, तुझा हात खोटा आणि तूही खोटी!" भर दिवाणखान्यात सरदार ओरडत होता.

"जीभ आवरा, सरदारसाहेब," म्हातारी म्हणाली. "साठ वर्षं दगड घासतेय मी. दगडाला तोंड नाही म्हणून त्याच्या नावानं तुम्ही वाटेल ते बोलाल?"

ही गोष्ट फार फार मागची. ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. भांडण कशावरून पेटलं ते आधी ऐका, म्हणजे लहानथोर सगळ्यांचंच रक्त तापेल.

त्या राज्यातल्या एका डोंगरात लाजवर्दाची खाण होती. लाजवर्द म्हणजे गर्द निळा दगड, त्यात सोनेरी ठिपके. म्हातारी तो सहाणेवर घासायची, कुरुंदाच्या पुडीनं गुळगुळीत करायची आणि शेवटी चामड्यावर चोळून अशी झिलई आणायची, की बघणाऱ्याला त्यात आपलं नाक दिसावं. मात्र दगडाच्या बुडाची अंगठ्याएवढी जागा ती कधीच घासत नसे. तिथं खाणीतला तांबूस पापुद्रा तसाच राही. लोक त्याला जन्मखूण म्हणत. भामटे पांढरा दगड निळीत उकळून लाजवर्द म्हणून खपवत. पण उकळला की पापुद्रा गळून पडे. पापुद्रा आहे म्हणजे दगड खरा, एवढा साधा नियम.

सरदाराला दगड जमवायचा नाद. मखमलीवर शंभर लाजवर्द मांडलेले, सगळे म्हातारीच्याच हातचे. पण ती तांबूस खूण त्याच्या डोळ्यांत सलू लागली. "एवढ्या देखण्या वस्तूला हा मातीचा डाग कशाला?" असं म्हणून त्यानं दुसऱ्याच एका कारागिराकडून शंभरही दगडांची बुडं घासून घेतली. म्हातारीला विचारलं? छे! जिनं घडवलं तिला विचारायची पद्धत श्रीमंतांच्या घरी कधी होती?

मग एक दिवस परराज्यातला एक जाणता संग्राहक ते दगड पाहायला आला. त्यानं एकेक दगड उचलला, उलटा केला, खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "सरदार, एकालाही जन्मखूण नाही. हे निळीत उकळलेले दिसतात."

सरदार गोरामोरा झाला. 'खूण मीच घासून घेतली,' एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? पण आपला मूर्खपणा कबूल कोण करतो? त्यानं म्हातारीला बोलावून घेतलं आणि पाहुण्यादेखत तिच्यावर आळ घेतला. खोटा दगड देणाऱ्याची सहाण फोडायची आणि त्याला जन्मात पुन्हा दगडाला हात लावू द्यायचा नाही, असा त्या राज्याचा कायदा होता. म्हातारीला सहाणेवाचून दुसरं जगणंच ठाऊक नव्हतं.

"खूण मी ठेवली होती," ती म्हणाली. "ती कुणी घासली, ते बोला."

"मला काय माहीत? शिपायांनो, हिची सहाण फोडून या!"

"थांबा! नीळ फार तर बोटभर आत मुरते. खरा लाजवर्द गाभ्यापर्यंत निळा असतो. एक दगड फोडा, आत्ता कळेल."

"आजींचं म्हणणं रास्त आहे," पाहुणा म्हणाला. "फोडा."

सरदार दोन्ही हात पसरून दगडांच्या आडवा आला. "माझा दगड फोडायचा? अहो, याला अख्ख्या मुलखात जोड नाही!"

"आणि आत्ता तर खोटा म्हणत होता!" म्हातारी कडाडली.

पाहुण्याला हसू आवरेना. म्हातारीनं सरदाराला बाजूला सारलं आणि सगळ्यांत मोठा दगड उचलला. एक अख्खा हिवाळा तिनं त्याच्यावर घालवला होता, अंगठ्याचं नख कायमचं गमावलं होतं. तिनं तो जमिनीवर ठेवला आणि कमरेचा हातोडा काढला. मग एकच घाव घातला.

दोन तुकडे झाले. गाभ्यापर्यंत निळे, आत सोनेरी ठिपके.

"तुमचा हात खरा, आजी," पाहुणा म्हणाला. "तुमच्या सहाणेला कुणी बोट लावणार नाही, ते मी राजाला सांगून जातो. पण उरलेल्या नव्व्याण्णव दगडांबद्दल मला विचारू नका. ते न फोडता मी खरे म्हणणार नाही, आणि दुसरा कोणता जाणकारही म्हणणार नाही."

तो उठून गेला. सरदार त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला आणि मग एकदम 'अहो-जाहो'वर आला. "आजी, तुम्ही सांगा ना त्यांना! तुमच्या शब्दाला किंमत आहे. उरलेलेही खरेच आहेत, एवढंच म्हणा. नाहीतर मी एकेक करून सगळे फोडत बसू की काय?"

म्हातारीनं हातोडा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सरदारसाहेब, दिमाखापायी जो खरेपणाची खूण पुसतो, त्याचं खरंही मग खोटंच ठरतं."