शेवंता आणि शब्द मागणारं कासव

एकदा काय झालं, डोंगरावरच्या एका मुलीचं लग्न समुद्रातल्या बेटावर झालं.

मुलीचं नाव शेवंता. तिच्या गावात घरं लांब लांब, म्हणून सगळी माणसं मोठ्यानं बोलायची. या टेकडीवरून त्या टेकडीवर विचारायची, "जेवलीस का गंऽऽ?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "जेवलेऽऽ!" कुणी रडायला लागलं, तर दहा बाया धावत यायच्या. कुणी डोकं कुरवाळायची, कुणी पाठ चोळायची, आणि दोघीतिघी सोबत रडायच्यासुद्धा. असं ते गाव.

तिथे एकदा मध विकत घ्यायला इलान नावाचा खलाशी आला आणि तापानं आजारी पडला. शेवंतानं त्याला पेज भरवली. बरा होता होता तो तिची थोडी भाषा शिकला, आणि पुढे तिच्याशी लग्न करून तिला आपल्या बेटावर घेऊन गेला. पण तिथे पोचल्यावर आठच दिवसांत त्याला गलबतावर जावं लागलं. आता तो चार महिन्यांनी येणार. घरात उरल्या दोघीच. शेवंता आणि तिची सासू.

सासू एक शब्द बोलेना. पान मांडायची, वाढायची आणि खाली बघत जेवायची. शेजारणी यायच्या, टोपलीभर मासे ठेवायच्या आणि निघून जायच्या. "जेवलीस का" नाही, "कशी आहेस" नाही. शेवंताला घरची आठवण आली की ती अंगणात बसून रडायची, "आई गं, कुठे राहिले गं माझे डोंगर!" आणि काय सांगू, सासू यायची आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. चक्क पाठ!

'मी यांना नकोशी आहे,' शेवंताला वाटायचं. मग ती आणखीच रडायची.

एका सकाळी ती किनाऱ्यावर गेली. तिथे खडकाएवढं मोठं कासव पहुडलं होतं. ते म्हणालं, "का रडतेस, मुली?"

तिच्या भाषेत, बरं का! शेवंताला इतका आनंद झाला, की ती त्याच्या पाठीला बिलगलीच. "कासवबाबा, मला इथलं बोलणं येत नाही. मला शिकवा ना."

"शिकवतो की," कासव म्हणालं. "मी एक शब्द देईन, एक घेईन. तुझ्या शब्दांतला."

शेवंतानं विचार केला. इथे तर बारा महिने घाम गळतो. "थंडी घ्या," ती म्हणाली. कासवानं तिला पाण्याचा शब्द दिला, 'इरू'. घरी येऊन ती म्हणाली, "इरू." सासूनं चमकून पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गेली. एवढंच.

मग ती पुन्हा गेली. म्हणाली, "मला 'या, बसा' हवं." कासव म्हणालं, "मग डोंगर दे." शेवंता थांबली. पण घरात फार शांत होतं हो, फारच शांत. तिनं डोंगर दिला. 'साबे' घेऊन घरी आली. शेजारणींना म्हणाली, "साबे." त्या बसल्या. पण पुढे काय बोलणार? थोडा वेळ बसल्या आणि उठल्या. त्या दिवशी शेवंताला आई आठवली. आई उभी आहे, हाक मारतेय, पण ती कशावर उभी आहे? ते उंच, ते हिरवं, त्याला काय म्हणतात? शब्दच येईना. 

तरी ती तिसऱ्यांदा गेली. "सासूबाईंना हाक कशी मारू, तेवढं सांगा."

कासव हळूच म्हणालं, "इथे सासूला आईच म्हणतात. तो शब्द देतो. तू तुझी 'आई' दे."

शेवंता जी पळत सुटली, ती थेट घरी. मागे वळून पाहिलं नाही. अंगणात बसून हुंदके द्यायला लागली. सासू आली आणि नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली.

पण आज शेवंता उठली. वळसा घालून सासूच्या समोर गेली. बघते तर काय, सासूचे डोळे मिटलेले आणि दोन्ही गाल ओले!

शेवंतानं तिचा हात धरला. आत नेलं. पान वाढलं आणि आपल्याच भाषेत, आपल्या गावासारखं मोठ्यानं विचारलं, "जेवलात का?"

सासू दचकली. मग तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, "जे... लात... का?"

शेवंताला हसू फुटलं. सासूलाही. त्या दिवसापासून दोघी बोटं दाखवून एकेक शब्द शिकायला लागल्या. चुका तर किती! शेवंतानं एकदा दोरी मागितली, तर सासूनं जिवंत खेकडा आणून दिला. पण यात कुणाचा शब्द जात नव्हता. एकदा सासूनं समुद्रापलीकडच्या निळ्या रेघेकडे बोट केलं आणि म्हणाली, "डों-गर?" शेवंताच्या रडण्यात ऐकलेला शब्द तिनं जपून ठेवला होता. हरवलेला शब्द परत मिळाला, तशी शेवंतानं तिला घट्ट मिठी मारली.

पुरेसं बोलता यायला लागल्यावर शेवंतानं विचारलं, "मी रडले की तुम्ही पाठ का फिरवायचात?"

सासू म्हणाली, "रडणाऱ्याकडे टक लावून कसं बघायचं, पोरी? आम्ही पाठ करून उभं राहतो. वारा अडवतो. रडणं थांबेपर्यंत हलत नाही."

खरंच की! सासू कधीच त्याआधी निघून गेली नव्हती.

इलान परत आला, तेव्हा घरात नुसता कलकलाट. मग तिघं गलबतात बसून शेवंताच्या माहेरी गेले. आईनं टेकडीवरूनच आरोळी ठोकली. लेकीच्या अंगावर घोंगडी टाकत म्हणाली, "थंडी वाजेल गं!" आणि तोही शब्द शेवंताला परत मिळाला.

जेवायला बसल्यावर मात्र गंमत झाली. बेटावर पानात काही टाकणं वाईट, म्हणून सासू पान चाटूनपुसून संपवायची. डोंगरावर पान रिकामं ठेवणं वाईट, म्हणून आई पुन्हा वाढायची. सातवी भाकरी आली, तशी सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं आई, थांब!" शेवंता ओरडली, आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे समजावून सांगितलं. दोघी विहिणी पोट धरधरून हसल्या.

पुढे शेवंता वर्षातले काही महिने इथे, काही महिने तिथे राहिली. बेटावर असली की आईची हाक आठवायची. आईजवळ असली की पहाटे जाग यायची, लाटा ऐकू येत नाहीत म्हणून. दोन्हीकडे कुणी ना कुणी वाट बघायचं. पण ती सुखात राहिली, आणि तिची माणसंही.

झाली गोष्ट. आता हुंकार पुरे. पाय आत घ्या, डोळे मिटा आणि झोपा बघू, माझ्या लेकरांनो.