ओढ्यात न सोडलेली भुकटी

एका ओढ्याकाठच्या गावात औषधी अर्क बनवणारी एक बाई होती. तिचे नाव जनाक्का. तिच्या कारखान्यात तेल आणि पाणी एकत्र घुसळत. दोन्ही वेगळे होऊ नयेत म्हणून त्यात लोखंडाची काळी, पिठासारखी भुकटी घालत. भुकटीचे कण तेलाच्या थेंबाथेंबाला वेढून बसत. अर्क वाफेवर काढून घेतला की उरलेला काळा काला सरळ ओढ्यात जाई.

एक दिवस खालच्या वाडीची हौसाबाई घागर घेऊन आली. तिने ती जनाक्कासमोर ओतली. पाण्यामागून काळा गाळ पडला.

"जनाक्का, हे आमची गुरंही तोंडात घेत नाहीत," ती म्हणाली.

जनाक्का वरमली. "आजपासून ओढ्यात काही सोडणार नाही," तिने शब्द दिला.

तिचा भाऊ भुजंगराव कारखान्यात भागीदार होता. तो चिडला. "टाकी काठोकाठ भरलीय. आठ दिवसांत माल द्यायचाय. नवं घुसळायचं कशात?"

"आधी या टाकीतलं तेल सुटं होईल, मग नवं," जनाक्का म्हणाली.

तिने काला फडक्यातून गाळला. फडके चोंदले. तीन दिवस तसाच ठेवला, तरी तेल सुटेना. मग तिने थोडा काला काचेच्या बरणीत घेऊन बाहेरून मोठे लोहचुंबक लावले. भुकटी धावत काचेला चिकटली, पण तेलाचे थेंबही ओढून घेऊन आली.

"अगं, एकदाच सोडू," भुजंगराव म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

तिने ती भुकटी स्पिरिटने धुतली. तेल सुटले! पण वाळवून पुन्हा वापरली, तर नवे घुसळण तासाभरात फाटले. जनाक्का खाली बसली. डोळे भरून आले. मग उठली आणि तीच भुकटी आणखी दोनदा धुतली. या वेळी घुसळण टिकले. धुण्याचे स्पिरिटही तिने वाफेवर परत मिळवले.

माल चार दिवस उशिरा गेला. गिऱ्हाईक रागावले, पुढचे काम त्याने निम्मेच दिले. जनाक्काने तेवढेच घेतले. पावसाळा सरेपर्यंत ओढ्याचा तळ दिसू लागला होता, आणि तीच भुकटी दहाव्यांदा कामाला लागली होती.

एके दिवशी एक कामगार भुकटी एकदाच धुऊन वाळत घालू लागला. भुजंगरावाने त्याचा हात धरला.

"थांब. अजून दोनदा धू."

तात्पर्य: आपल्या कामातून उरलेले आपणच निस्तरावे; पहिल्या अपयशापाशी जो थांबत नाही, त्याला टाकाऊ वाटलेलेही पुन्हा उपयोगी पडते.