शंभरावा दोरा

एका राज्यात, सात डोंगरांच्या पल्याड, केतकावती नावाची राणी होती. तिला मुलगी झाली. तिथली रीत अशी, की बाळ बघायला येईल त्याने एक सल्ला द्यावा आणि सल्ल्याचा दोरा बाळाच्या मनगटी बांधावा. राणी जिवाची भित्री. एक म्हणाली, धुरी द्या. दुसरी म्हणाली, धुरी नकोच. राणीने दोघींचेही दोरे बांधून घेतले.

नव्व्याण्णव दोरे झाले. राजकन्या रडे, तोंड वासे, पण आवाज फुटेना. राणीचा जीव टांगणीला लागला.

तेव्हा खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, हा कपिलाक्ष जादूगाराचा शाप. दर दोऱ्याला थोडा आवाज जातो. शंभराव्याला कायमचा जाईल."

"मग मी काय करू गं, बाई?"

"सल्ला देणाऱ्यांना तीन कामं सांग. तिन्ही करतील त्यांचे दोरे ठेव. उरलेल्यांना तुझ्या तोंडाने 'नको' म्हण."

राणीने सगळ्यांना बोलावलं. पहिलं काम, बाळाला मांडीवर घ्या. निम्मे उठून गेले. रेशमी वस्त्रं भिजली असती. दुसरं काम, संध्याकाळपर्यंत इथेच बसा. आणखी चाळीस गेले. तिसरं काम, तुमचा सल्ला चुकला तर काय कराल ते सांगा.

"आमचा चुकतच नाही!" सात जण एकदम म्हणाले.

ठकूबाई दाई म्हणाली, "चुकला तर मला हाक मारा, राणीसाहेब. दोघी मिळून निस्तरू."

राजमाता हसल्या. "माझा चुकलाय गं, सूनबाई. तुझ्या नवऱ्याला तान्हेपणी मध चाटवला, तीन दिवस त्याचं पोट बिघडलं. तेव्हापासून मी आधी बाळाकडे बघते, मग बोलते."

एवढ्यात राजगुरू सोन्याचा दोरा घेऊन आले. "बाळाचा हात पुढे करा, राणीसाहेब."

राणीने बाळाची मूठ आपल्या हातात झाकली. जन्मात तिने मोठ्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं.

"गुरुजी, नमस्कार घ्या," ती म्हणाली. "दोरा नको. याआधीचेही नकोत. दोनच राहू देत."

सत्त्याण्णव दोरे गळून जमिनीवर पडले. राजकन्येने असा टाहो फोडला, की छतावरची कबुतरं उडाली.

"अरे बापरे, केवढं हे रडणं!" राजगुरू कानावर हात ठेवून म्हणाले. "हिला आधी..."

"भूक लागलीय तिला," राणी म्हणाली, आणि लेकीला पदराखाली घेतलं.

शाप सरला, रीत मोडली, आणि राजवाड्यात कितीतरी दिवस कुणालाच दुपारची झोप मिळाली नाही.