वानगीची फळी

एका नदीच्या काठी तांबटांचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक तांबटीण राहत होती. तिचा नवरा तांब्याच्या घागरी घडवी. ठोक्याशेजारी ठोका मारून तो घागरीच्या अंगावर असा मठार काढी, की बोट फिरवलं तर एकही ठोका वर-खाली लागू नये. घागर घडून झाली की तांबटीण ती चिंचेने घासून उजळी. घरात एक सून होती. ती भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन पूल ओलांडून पलीकडच्या बाजाराला जाई.

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. मांजराने दूध सांडलं होतं. सून शेजारणीकडे मीठ मागायला गेली होती. तांबटीण एका गिऱ्हाइकाची घागर घासत बसली होती. इतक्यात पूलखात्याचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता.

"बाई, तुमचे धनी पुलावरून नदीत पडले," तो म्हणाला. "पाय घसरला. गेले."

तांबटिणीच्या हातातली घागर निम्मी उजळली होती. उरलेली निम्मी तिने उजळली, घागर पालथी घातली आणि मग हात धुतले.

नवऱ्याला लोकांनी संध्याकाळी घरी आणलं. "पाय घसरला" असं लिहिलेला कागद मात्र दुपारीच आला होता, आणि त्यावरची शाई वाळलेली होती. पाय घसरताना कुणी पाहिलं, असं तिने पुढे चार जणांना विचारलं. पाहिलेलं कुणीच नव्हतं. मग लिहिणाऱ्याला कसं कळलं? हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही. मनात ठेवला.

त्या राज्यात बारा पूल होते आणि ते सांभाळायला एक मोठं खातं होतं. राज्यात एक चांगली चालही होती. दर वर्षी खात्याच्या कारभाऱ्याला गावोगावच्या पंचांच्या सभेपुढे उभं राहावं लागे. गेल्या वर्षी काय केलं, पुढच्या वर्षी किती पैसा हवा, हे सांगावं लागे. त्याच्या शब्दावर सभा विसंबत नसे. एखाद्या पुलाची एक फळी काढून ती त्याने सभेत आणायची. तिला वानगीची फळी म्हणत. मग प्रत्येक पंच सभेची हातोडी घेऊन फळीवर एक ठोका मारी, कान लावी आणि म्हणे, "खणखणीत!" सगळ्यांनी खणखणीत म्हटलं की मागणी मंजूर. एकाने जरी "बद्द" म्हटलं, तर खात्याला दमडी मिळत नसे. पण बद्द म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

हातोडीही नामी होती. सभापतींच्या आजोबांच्या वेळची. तिच्या तोंडाचा एक टवका उडाला होता, त्यामुळे ठोका मारला की लाकडावर नखाएवढी चंद्रकोर उमटे. लोकांना या चालीचा फार अभिमान होता. "दुसरीकडे कारभारी बोलतात," ते म्हणत, "आमच्याकडे फळी बोलते!"

तांबटिणीचा नवरा सहा वर्षं गावाचा पंच होता. सभेहून आला की तो सांगे, "अगं, काय फळी होती! घंटेसारखी वाजली बघ." तेव्हा तिला ते ऐकून बरं वाटे. आता तेच बोल आठवले की ती हातातलं काम थांबवी.

सुतक फिटल्यावर गावचा पाटील घरी आला. "वहिनी, वर्ष सरेपर्यंत पंचाची जागा त्याच्या घरात राहते, अशी रीत आहे. या खेपेला तुम्ही जा."

"मला सभेतलं काय कळतं?"

"कळायचंय काय त्यात? फळी ठोकायची, जेवायचं, यायचं."

सभेच्या दिवशी ती पोचली, तर कारभारी पायरीवरच उभा होता. अंगावर स्वच्छ उपरणं, तोंडात गोड शब्द. त्याने तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, फार वाईट झालं. दादा म्हणजे देवमाणूस. म्हणून मी ठरवलंय, या वर्षी पहिला नवा पूल तुमच्या गावाला. आजची मागणी तेवढी मंजूर होऊ दे."

"आमचा पूल चांगला आहे ना?" तांबटिणीने विचारलं.

"उत्तम आहे!"

"मग नवा कशाला?"

कारभारी हसला. "जुनं झालं की नवं लागतंच हो." पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, हे तिने पाहिलं. उत्तम आहे, आणि नवा हवा. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून आल्या होत्या. दोन दिवसांनी बाजाराचा दिवस होता. निम्मं गाव त्या पुलावरून ओझी घेऊन जाणार होतं आणि तिची सूनही.

सभा भरली. कारभाऱ्याने हिशेब वाचला. इतके खिळे, इतकं डांबर, इतके सुतार. पंच माना डोलावत होते, काही पेंगत होते. शेजारच्या दालनातून पुरणपोळीचा वास येत होता. जेवण दर वर्षी खात्याकडूनच असे.

मग चार माणसांनी फळी आणून चौरंगावर ठेवली. तेल पाजलेली, तुकतुकीत.

"ही फळी तांबटांच्या गावच्या पुलावरची," कारभारी हळव्या आवाजात म्हणाला. "परवाच काढून घेतली. जो पंच आज आपल्यात नाही, त्याच्या आठवणीसाठी."

नव्या पंचाने पहिला ठोका मारायचा, अशी रीत होती. सभापतींनी हातोडी तांबटिणीच्या हातात दिली. तिने ती उगारली नाही, मांडीवर ठेवली, आणि डाव्या हाताची बोटं फळीवरून फिरवली. एकदा फिरवली. पुन्हा फिरवली.

"काय शोधताय वहिनी, मोती?" एका माळ्याने मागून विचारलं. तोही पंच होता. "मारा की एक ठोका! पोळ्या गार होतायत."

लोक हसले. तांबटीण हसली नाही. जन्मभर ठोके चाचपलेली बोटं होती ती. फळी वरून गुळगुळीत होती, पण सगळीकडे सारखी गार नव्हती. तिने एका जागी नख रोवलं. नखात मेण आलं, मेणात लाकडाचा भुसा होता. त्याखाली एक खळगा होता. तिने दुसऱ्या जागी नख रोवलं. तिथेही मेण आणि खाली खळगा.

"कारभारीदादा, ही फळी परवा काढली म्हणालात?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

"म्हणजे हिच्यावर आजवर सभेची हातोडी पडलेली नाही."

"कशी पडेल? पहिला मान तुमचा."

तांबटिणीने हातोडीचं तोंड त्या खळग्यात टेकवलं. टवका टवक्याला लागला. हातोडी डबीवर झाकण बसावं तशी बसली.

"मग या चंद्रकोरी कुणी उमटवल्या?"

सभेतली पेंगणारी माणसं जागी झाली. एक म्हातारा वैद्य काठी टेकत पुढे आला. तो सगळ्यांत जुना पंच होता. वाकून, डोळे बारीक करून त्याने फळी पाहिली. आणखी दोन-चार ठिकाणचं मेण त्यानेच उकरलं. एकाएकी तो ओरडला, "अरे, हा तर माझा ठोका! मी डावरा आहे. सगळ्यांची कोर उजवीकडे, माझी डावीकडे. हा बघा! हा पण माझा. आणि हा पण!" तो मोजत गेला आणि मोजता मोजता त्याचा आवाज बसला. "म्हणजे काय रे? बावीस वर्षं मी एकाच फळीला शाबासकी देतोय?"

कुणीतरी फिसकन हसलं, पण त्याच्या हसण्यात कुणी मिसळलं नाही. माळी फळीच्या टोकाशी जाऊन वाकला. "हिला खिळ्याचं भोकच नाही," तो म्हणाला. "ही कुठल्याच पुलावर कधी नव्हती."

कारभाऱ्याने उपरण्याने मान पुसली. पण तो मुरलेला माणूस होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "म्हणा बद्द. मागणी पडेल. सुतार घरी जातील. वर्षभर बारा पुलांपैकी एकावरही खिळा ठोकला जाणार नाही. उद्या कुणी नदीत पडलं, तर ते खात्याच्या नव्हे, या बाईंच्या नावावर." मग तो मऊ झाला. "नाहीतर म्हणा खणखणीत. पुढच्या साली नवी फळी आणतो. चूक माणसाकडूनच होते."

सगळे तांबटिणीकडे पाहू लागले. माळी हळूच म्हणाला, "वहिनी, तो म्हणतो त्यातही थोडं आहे हो. पैसाच अडवला तर दुरुस्ती कशाने होणार?"

तांबटिणीने दोन्ही शब्द मनात तोलले. खणखणीत म्हटलं तर पूल आहे तसाच राहील. बद्द म्हटलं तरी तसाच राहील. परवा सून पाटी घेऊन निघेल, मागोमाग अख्खी तांबटआळी. या माणसाने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या, आणि दोन्ही वाटा पुलापासून लांब जात होत्या. दोन्ही त्यानेच निवडलेल्या. फळीसारख्याच.

ती उठली. हातोडी तिने पदरात घेतली.

"मी खणखणीतही म्हणत नाही आणि बद्दही म्हणत नाही," ती म्हणाली. "पूल इथून दोन कोसांवर आहे. तिथे जाऊन ठोका मारते. मग बोलते."

"हातोडी सभेबाहेर जात नाही!" दोघे-तिघे एकदम ओरडले.

"कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. ती आजवर बाहेर गेली नव्हती, एवढंच खरं होतं.

"ऊन फार आहे," कारभारी म्हणाला. "पानं वाढलीत. जेवून घ्या, मग मी गाड्या मागवतो."

त्याची ही वेळ काढण्याची घाई सभापतींनाही कळली असावी. त्यांनी आचाऱ्याला विचारलं, "पानं वाढलीत का?"

"वाढली आहेत."

"झाकून ठेव," सभापती म्हणाले, आणि त्यांनी जोडे पायात घातले.

सभा पायी निघाली. वर्षानुवर्षं पुलांना पैसे देणारी ती माणसं वाटेत एकमेकांना विचारत होती, की पूल नक्की कुठल्या वळणावर आहे. कारभारी सगळ्यांच्या मागे चालत होता. नदी दिसू लागली तेव्हा तो मागेही नव्हता.

पूल वरून सुरेख दिसत होता. फळ्यांवर नवं काळंभोर डांबर फासलेलं होतं. तांबटीण काठावर बसली आणि तिने पहिल्या फळीवर ठोका मारला.

बद्द.

दुसरी फळीही बद्द. तिसऱ्या ठोक्याला वैद्याने कान लावला आणि लगेच काढून घेतला. चौथ्या फळीवर तिने हात जरा मोठा उचलला. हातोडी डांबर फोडून, लाकडातून आरपार गेली, तिच्या हातातून सुटली, आणि खाली नदीत पडली. सगळ्यांनी भोकातून वाकून पाहिलं. फळीची जाडी भाकरीएवढी उरली होती. बाकी सगळा भुसा होता.

सभापतींनी शिपायाला सांगून तांबटाच्या मरणाचा तो खात्यातला कागद मागवला. "पाय घसरला" खोडून त्यांनी तिथे लिहिलं, "फळी कुजलेली होती." कागद त्यांनी तांबटिणीला दाखवला. तिने वाचला आणि मान हलवली.

त्याच दिवशी पुलाच्या दोन्ही टोकांना बोरीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला. पलीकडे जायला नाव लावली. कारभाऱ्याला शोधून आणलं, त्याचं काम काढून घेतलं. सभेने त्या एका पुलापुरता पैसा मंजूर केला, तोही एकदम नाही. दहा फळ्या बसल्या, पंचांनी जाऊन पाहिल्या, की पुढच्या दहांचा.

बाजाराच्या दिवशी नावेला गर्दी झाली. ओझी घेऊन लोक तासन् तास खोळंबले. "तांबटीण सभेला गेली आणि असलेला पूल बंद करून आली!" असं काही बाया तिच्या तोंडावर म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी सून उशिरा, कुरकुरत, पण घरी आली. तांबटिणीने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

चार महिन्यांनी नवा पूल झाला. तांबटीण त्यावरून एकदा गेली. मध्यावर थोडी थांबली, मग बाजारात जाऊन मीठ घेऊन आली.

सभेत तिचं कौतुक झालं. नवा कारभारी आला. तोही गोड बोले, त्यामुळे तांबटीण त्याच्याकडे जरा जास्तच निरखून पाही. उरलेल्या पुलांवर कधी जायचं, असं तिने विचारलं, तेव्हा सभा म्हणाली, आधी नवी हातोडी करू, मग जाऊ. हातोडी किती वजनाची, कुठल्या लोखंडाची, दांडा शिसवीचा की बाभळीचा, यावर बोलणी सुरू झाली.

"मुसळाने ठोकलं तरी चालेल," तांबटीण म्हणाली.

लोक हसले. वर्ष सरलं आणि तिची पंचाची जागा दुसऱ्या घरात गेली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: ज्याच्या कामाची तपासणी करायची, त्यालाच नमुना निवडू दिला, तर तपासणी नमुन्याची होते, कामाची होत नाही.

उरलेले अकरा पूल पाहायला सभा अजून गेलेली नाही.